काठ

अकरा दिवसांची गाडी
मागच्या दारावर पोचा घेऊन माझ्याकडे आली.
डॉक्टर बोबडेबाई उतरल्या, म्हणाल्या,
"परातेभाऊ, वर्धा रोडच्या शोरूमवाले दारच बदला म्हणतात.
तुम्ही एकदा हात लावून पाहा."

मे महिना. गड्डीगोदामात सकाळी नऊलाच
पत्र्यावर पोळी भाजेल असं ऊन.
ओलं गोणपाट टाकून दार निवू दिलं
आणि सवयीनं डोळे मिटले.
पोचा डोळ्यांना दिसतो तेवढा नसतो,
खरं काय ते तो तळहाताला सांगतो.

बाईंची जुनी गाडी मी बावीस वर्षं अशीच ओळखली.
दिव्याच्या कोपऱ्यापासून एक रेघ निघायची
ती मागच्या काचेखाली जाऊन विरायची,
मध्ये कुठंच घाई नाही,
जसा रामटेकची टेकडी उतरताना जुना ड्रायव्हर
पाय ब्रेकवर नुसता ठेवतो, दाबत नाही.

हिला मात्र तोंडच नवं दिलंय.
जाळी एवढी मोठी की भूक लागल्यासारखी,
दिवे बारीक, चिमटीत धरून ओढलेले,
अंगभर घड्या, इस्त्रीवाल्यानं रागात मोडलेल्या.
"उस्ताद, काय कडक दिसते!" रेहान म्हणतो.
एकोणीस वर्षांचा आहे. त्याला दिसत असेल.
बाई म्हणाल्या, "परवा धरमपेठेत पार्किंगमध्ये
मी माझ्याच गाडीसमोरून दोनदा गेले."
हसल्या. मग विचारलं, "किती बदलावं हो?"
गाडीबद्दलच विचारत असाव्यात.

मी काय सांगणार.
माझा बाप गोळीबार चौकात करवतकाठी विणायचा.
तीन धोटे: दोन काठांचे, एक अंगाचा.
इतवारीचा व्यापारी दर दिवाळीला म्हणे,
"श्रावणजी, नवं काही काढा नं."
बाप अंगाचा रंग बदले,
कधी वांगी, कधी जांभळाच्या सालीचा,
एकदा तर चक्क कच्च्या संत्र्याचा.
काठाच्या दातांना हात लावत नसे.
"लांबून बाई दिसली तं लोकायनं काठावरून म्हटलं पाह्यजे,
हे आपल्याकडची होय."

गोष्ट इथंच थांबवली असती
तर गाड्या काढणाऱ्यांना उपदेश म्हणून धाडता आली असती.
पण पुढं लांबून पाहणारेच कमी झाले.
व्यापारी एका दिवाळीला आला नाही,
मग कुठल्याच दिवाळीला आला नाही.
माग भंगारात गेला. त्याच भंगारवाल्याकडून
मी पहिला हातोडा घेतला.
बाप म्हणाला, "आता हे तरी ठोकून सरळ होते का पाह्य."

काठ राखला म्हणून बुडालो,
की नुसतं अंगच बदलत बसलो म्हणून,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर हात फिरत होता नव्या दारावर.
घडी, घडी, परत घडी. सगळी अनोळखी.
आणि मागच्या काचेच्या कोपऱ्याखाली,
जिथं गिऱ्हाईक कधी बघत नाही,
बोटं आपसूक वळली.
तेच वळण. तोच संथ उतार, वीतभर.
परदेशातल्या कुठल्याशा टेबलावर,
सगळं नवं करा असा हुकूम डोक्यावर असताना,
कुणीतरी एवढा तुकडा लपवून ठेवला होता.
म्हातारा असेल.
किंवा म्हाताऱ्याच्या हाताखाली शिकलेला.

"निघेल?" बाईंनी विचारलं.
ॲल्युमिनियम आहे, मी म्हणालो, ठोकलं तर तडकेल.
शोरूमवाले बरोबर सांगतात. दार बदला.

रेहाननं हातोडा खोक्यात ठेवला.
मी हात काढायला जरा उशीर केला.
पत्रा तोवर पुन्हा तापायला लागला होता.